आधी गट ठरवा, मग गाडी घ्या

नाशिकला मोटर स्पोर्ट नवं नाही. राष्ट्रीय रॅली अजिंक्यपदाची ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ ही फेरी इथल्या मुरमाड रस्त्यांवर झाली, मोटारसायकलींच्या सुपरक्रॉसच्या राष्ट्रीय फेऱ्या इथे झाल्या. सातपूरला महिंद्रा आणि बॉशचे कारखाने आहेत. बॉश म्हणजे जुन्या लोकांची मायको, तिच्या नावाचं सर्कल अजून त्र्यंबक रोडवर आहे. या कारखान्यांमुळे इंजिन उघडून बसणारे हात या शहरात घरोघरी सापडतात. त्यामुळे रॅलीत उतरायची हौस इथे सहज लागते. पण पुष्कळांची सुरुवात उलट्या टोकाने होते. आधी जुनी पोलो किंवा सिटी घ्यायची, सायलेन्सर बदलायचा, स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवायची, आणि हे सगळं झाल्यावर ही गाडी कुठल्या गटात चालेल याची चौकशी करायची. तोवर केलेल्या बदलांमुळे गाडी एक तर कुठल्याच गटात बसत नाही, किंवा अनुभवी स्पर्धकांच्या गटात जाऊन पडते.

म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका; फक्त शेवटच्या दोन खरेदीआधी उरकल्या तर उत्तम. विकत घेण्याची पायरी बरीच खाली आहे आणि ती तिथेच राहू द्या.

पायरी १ : रस्ता बंद आहे का, हे आधी विचारा

गंगापूर रोडला रात्री दोन गाड्या एकमेकींसमोर लावणं हा मोटर स्पोर्ट नाही, गुन्हा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ प्रमाणे राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगचाचणी करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पुन्हा सापडलात तर कैद एक वर्षापर्यंत जाते. कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल गाडीत करण्यावरही याच कायद्याचं कलम ५२ आहे.

अधिकृत स्पर्धा म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, अर्थात एफएमएससीआयची परवानगी असलेली स्पर्धा. वेगाच्या अशा स्पर्धेत रस्ता बंद असतो, रुग्णवाहिका उभी असते, मार्शल असतात. आयोजकाला पहिला प्रश्न हाच विचारा: एफएमएससीआयचा परवाना आहे का? उत्तर घुटमळत आलं तर तिथे जाऊ नका.

पायरी २ : खेळाचा प्रकार निवडा

गट ही पुढची गोष्ट. आधी खेळ कुठला, ते ठरवायला हवं. आपल्याकडे हौशी माणसाला खरोखर उघडे असलेले दरवाजे चार-पाच आहेत.

सगळ्यांत स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित दरवाजा टीएसडी रॅलीचा. टाइम, स्पीड, डिस्टन्स. यात रस्ता बंद नसतो, कारण वेगाची स्पर्धाच नसते. दिलेल्या सरासरी वेगाने, दिलेल्या वाटेने, ठरल्या सेकंदाला चौकीवर पोचायचं. लवकर आलात तरी दंड, उशिरा आलात तरी दंड. घरची गाडी आहे तशी चालते, केज म्हणजे पाइपांचा सुरक्षा पिंजरा नको, हेल्मेट नको. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन, जी १९१९ पासून आहे, ती महिलांसाठी अशीच रॅली भरवत आली आहे. ज्यांना हा प्रकार वेगाअभावी मिळमिळीत वाटतो, त्यांनी एकदा शेजारच्या सीटवर बसून हिशोब करून पाहावा. ताशी ३६ किलोमीटरची सरासरी म्हणजे किलोमीटरला बरोबर १०० सेकंद. ४० म्हणजे ९०, ४५ म्हणजे ८०. सूत्र एकच, ३६०० ला सरासरीने भागा. अवघड भाग त्यानंतर येतो. आयोजकांनी मोजलेलं अंतर आणि तुमच्या गाडीचा मीटर जुळत नाहीत. सुरुवातीच्या तपासणी टप्प्यावर त्यांचे ५.०० किलोमीटर तुमच्या मीटरवर ५.२० दिसले, तर त्यांच्या पुस्तकातलं प्रत्येक अंतर १.०४ ने गुणायचं. पुस्तकात १२.५ वर डावं वळण असेल तर तुमच्या मीटरवर ते १३.० ला येईल. हे गणित घाटात, पावसात, समोर ट्रक असताना करायचं असतं. नेव्हिगेटर इथेच घडतो.

दुसरा दरवाजा ऑटोक्रॉस. मोकळ्या मैदानावर माती-मुरमाचा छोटा वळणावळणाचा ट्रॅक, बहुतेक ठिकाणी एका वेळी एक गाडी, आणि घड्याळ. वेग फार चढत नाही, झाडं आणि दरी नसते, म्हणून चूक परवडते. गाडीचा ताबा सुटणं आणि परत मिळवणं शिकायला याच्याइतकी चांगली जागा नाही.

तिसरा, आणि नाशिककरांच्या मनात असतो तो, स्टेज रॅली. बंद केलेल्या कच्च्या रस्त्याच्या टप्प्यावर, म्हणजे स्टेजवर, पूर्ण वेगात, एकामागून एक गाड्या सोडतात. एका स्टेजपासून दुसरीपर्यंत मात्र नेहमीच्या रस्त्याने, वाहतुकीचे नियम पाळून जायचं असतं. म्हणजे रॅलीची गाडी शर्यतीची असून पुन्हा रस्त्यावरची कायदेशीर गाडीही असावी लागते. गाडी निवडताना सगळ्यात जास्त घोटाळा याच अटीमुळे होतो.

चौथा, सर्किट. महाराष्ट्रात कोल्हापूरला मोहितेंचा कार्टिंग ट्रॅक आहे आणि राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. मोटारींसाठी मात्र बहुधा दक्षिणेकडे जावं लागतं: चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास ट्रॅक, कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे. नाशिकहून हे दोन्ही हजार किलोमीटरपेक्षा पुष्कळ लांब. ट्रेलरवर गाडी नेण्याचा खर्च वर्षाच्या हिशोबात धरा, मगच इकडे वळा. अंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या व्हॅली रनसारखी ड्रॅग स्पर्धा हा पाचवा प्रकार. तिच्यात सरळ रेषेशिवाय काही शिकायला मिळत नाही, म्हणून नवशिक्याला मी ती सुचवणार नाही.

पायरी ३ : त्या वर्षीची नियमावली छापून घ्या

मोबाइलवर नको, कागदावर छापा आणि पेन घेऊन बसा. गटांची नावं आणि अटी दर वर्षी थोड्या सरकतात. राष्ट्रीय रॅली अजिंक्यपदात, म्हणजे आयएनआरसीत, आयएनआरसी २, ३, ४ असे आकड्यांचे गट, नव्या मुलांसाठी ज्युनियर गट आणि जिप्सीचा स्वतंत्र गट अशी मांडणी आपण पाहिली आहे. सर्किटवर इंडियन टूरिंग कार्स, इंडियन ज्युनियर टूरिंग कार्स, सुपर स्टॉक आणि एका आसनाच्या एलजीबी फॉर्म्युला १३०० सारखे गट. मागच्या वर्षी मित्र ज्या अटींवर उतरला त्याच या वर्षी असतील, असं धरून चालू नका.

नियमावलीत तीन गोष्टी अधोरेखित करा.

पहिली, होमोलोगेशन. तुमच्या मनातलं मॉडेल मान्यताप्राप्त यादीत आहे का, आणि त्याची मान्यता संपत तर आली नाही ना. यादीबाहेरची गाडी कितीही चांगली असली तरी तिचं खूळ इथेच सोडा.

दुसरी, मुभा. गाडीत काय बदलता येतं आणि काय नाही. कमी मुभेचा गट नवशिक्याला जास्त न्याय देतो. मुभा वाढली की पैसेवाला पुढे जातो. कंपनीचं इंजिन जसंच्या तसं ठेवायला सांगणाऱ्या गटात मात्र पहिल्या आणि पाचव्या गाडीतला फरक बराचसा चालकाचा असतो.

तिसरी, सीसीचा हिशोब. टर्बो गाड्या घेणारे इथे फसतात. आंतरराष्ट्रीय नियमांत टर्बो पेट्रोल इंजिनाची क्षमता १.७ ने आणि टर्बो डिझेलची १.५ ने गुणून गट ठरवतात. म्हणजे कागदावर ९९९ सीसी असलेलं टर्बो पेट्रोल इंजिन स्पर्धेत १६९८ सीसीचं धरलं जातं आणि १६०० च्या मर्यादेबाहेर जातं. पोलोचं १.२ टीएसआय ११९७ सीसीचं आहे. गुणाकार केला की २०३५ होतात, म्हणजे २००० चीही रेघ ओलांडली. स्विफ्टचं १२४८ सीसीचं डिझेल १८७२ वर जातं. शोरूममध्ये लहान म्हणून घेतलेली गाडी अशी एकदम मोठ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहते. तुम्ही निवडलेल्या स्पर्धेत गुणक लागतो का आणि किती, ते नियमावलीत पाहा. उत्तर सापडलं नाही तर आयोजकांना लिहून विचारा आणि उत्तरही लेखीच मागा. तोंडी उत्तराला स्पर्धेआधीच्या तांत्रिक तपासणीत, म्हणजे स्क्रुटिनीत, किंमत नसते.

पायरी ४ : गट निवडा

नियमावली वाचून झाली की दोन-तीन गट उरतात. त्यातून एक कसा निवडायचा?

मागच्या दोन हंगामांचे निकाल काढा आणि त्या गटात किती गाड्या सुटल्या आणि किती शेवटपर्यंत पोचल्या ते मोजा. तीन गाड्यांच्या गटात चषक मिळतो, शिक्षण मिळत नाही. जिथे दहा-पंधरा गाड्या उतरतात आणि निम्म्याहून अधिक शेवटपर्यंत पोचतात, तो गट निरोगी समजा. तिथे स्वतःची वेळ कोणाशी ताडून पाहायची ते कळतं, सुटा भाग मागायला शेजारच्या सर्व्हिस तंबूत माणूस असतो, आणि पुढे गाडी विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक त्याच गटात मिळतं.

मग वर्षाचं वेळापत्रक समोर ठेवून स्वतःला विचारा, यातल्या किती फेऱ्यांना मी खरंच जाऊ शकतो? नोकरी आहे, घर आहे, द्राक्षबाग असेल तर छाटणी आणि काढणीचे महिने आहेत. वर्षात दोनच फेऱ्या जमणार असतील तर महागडी गाडी बांधू नका. त्यापेक्षा एखाद्या संघाकडून गाडी भाड्याने घेऊन उतरा. भाड्याचा आकडा पहिल्यांदा मोठा वाटतो. पण केज, सीट, सस्पेन्शन, ट्रेलर आणि वर्षभर पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी असा सगळा हिशोब मांडला की तो तितका मोठा राहत नाही. भाड्याच्या करारात गाडी ठोकली तर नुकसान कोणाचं, हे मात्र आधी लिहून घ्या.

माझा कौल स्पष्ट आहे. नव्या माणसाने उपलब्ध असलेल्या सर्वांत कमी सीसीच्या, कमीत कमी मुभेच्या, दोनचाकी ड्राइव्हच्या गटात सुरुवात करावी. ताकद कमी असली की वळणात गती टिकवणं शिकावंच लागतं. पेडल दाबून चूक झाकता येत नाही.

पायरी ५ : आता गाडी शोधा

गट ठरला, आता गाड्यांकडे वळू. निकष एकच: रॅलीच्या शनिवारी दुपारी लोअर आर्म वाकला तर संध्याकाळपर्यंत द्वारका किंवा मुंबई नाक्याच्या आसपास तो मिळेल का?

या कसोटीवर मारुती अजून पहिली येते. एस्टीम, जिप्सी किंग आणि २००५ ते २०१० मधली पेट्रोल स्विफ्ट या तिन्हींत १२९८ सीसीचं जी १३ कुटुंबातलं इंजिन. एलजीबी फॉर्म्युला १३०० च्या गाडीतही एस्टीमचंच इंजिन. म्हणून देशातल्या कुठल्याही सर्व्हिस पार्कमध्ये हे इंजिन डोळे मिटून उघडणारा मेकॅनिक भेटतो. एस्टीम २००७ मध्ये बंद झाली, चांगल्या बॉडीची गाडी आता कष्टाने मिळते. नंतरची १.२ लिटर पेट्रोल स्विफ्ट रस्तोरस्ती आहे आणि आज सुरुवात करणाऱ्याने सर्वांत आधी तीच यादीत आहे का ते पाहावं.

फोक्सवॅगन पोलो आपल्या चाकणची. २०१० पासून २०२२ पर्यंत विकली गेली. सुरुवातीच्या काही वर्षांत आलेली १.६ पेट्रोल, १०५ पीएसची पोलो रॅलीवाल्यांची लाडकी झाली. बॉडी भक्कम, इंजिन साधं, टर्बो नाही म्हणून गुणकाची भानगड नाही. पण ती थोडी विकली गेली आणि त्यातल्या बऱ्याच स्पर्धेत झिजल्या. बाजारात दिसणारी ‘रॅली स्पेक’ १.६ पोलो पाहताना तिचा कोणकोणत्या फेऱ्यांत काय निकाल लागला, हे गाडीच्या क्रमांकासह विचारा.

होंडा सिटी व्हीटेक, २००३ पूर्वीची, १.५ लिटर. हलकी, वरच्या आरपीएमला मोकळी, अजूनही वेगवान. मित्सुबिशी सीडिया, २ लिटर. दोन्ही गाड्या मला मनापासून आवडतात, पण नवशिक्याला घेऊ नका म्हणतो. सीडियाचे भाग मिळवणं हेच एक काम होऊन बसतं. जुन्या सिटीला पंधरा वर्षं केव्हाच उलटली, म्हणजे फेरनोंदणी, फिटनेस आणि पर्यावरण कर हे सगळं आलं, आणि नोंदणी जिवंत नसेल तर दोन स्टेजच्या मधल्या रस्त्यांवर गाडी चालवता येत नाही.

जिप्सीचं प्रकरण वेगळं. पट्ट्यांच्या स्प्रिंगा, उंच बॉडी, चारचाकी ड्राइव्ह. स्वतंत्र गट असेल तर ती तिथे मजबूत पर्याय आहे, इगतपुरीच्या पावसात तर आहेच. पण जिप्सीत शिकलेल्या सवयी दुसऱ्या गाडीत फारशा कामाला येत नाहीत. पुढे मोटारीत जायचं असेल तर सुरुवातही मोटारीतच करा.

पायरी ६ : तपासणी

या पायरीवर घाई केलीत तर बाकी सगळं वाया जाईल.

इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, वाकडी बॉडी सरळ होत नाही. म्हणून सुरुवात बॉडीपासून. गाडी रॅम्पवर घ्या. पुढच्या चेसिस लेगवर सुरकुत्या, नवा रंग किंवा घासल्याच्या खुणा आहेत का पाहा. बॉनेट उघडून दोन्ही सस्पेन्शन टॉवरमधलं अंतर मोजा, मग एका टॉवरपासून विरुद्ध बाजूच्या मागच्या ठरावीक बिंदूपर्यंत तिरकं माप घ्या आणि दुसऱ्या बाजूनेही तेच करा. दोन तिरक्या मापांत ठळक फरक आला तर गाडी सोडा. दारांच्या कडेचं रबर ओढून खालचे स्पॉट वेल्ड पाहा. कंपनीचे गोल, एकसारख्या अंतरावरचे असतात, गॅरेजचे ओबडधोबड. कार्पेट उचला. पुट्टी शोधायला लोहचुंबक पुरतं.

मग इंजिन. कम्प्रेशन टेस्ट करून घ्या. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांपासून दहा टक्क्यांच्या आत असावेत. गाडी थंड असताना सुरू करा, आधी गरम करून ठेवलेली गाडी पाहू नका. गिअरबॉक्समध्ये तिसऱ्यावरून दुसऱ्यात वेगाने उतरवून पाहा. खरखर झाली तर सिंक्रो गेला. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, टकटक आली तर सीव्ही जॉइंट. या दोन्ही दुरुस्त होणाऱ्या गोष्टी आहेत, भाव उतरवायला वापरा.

कागद. आरसीवरचा चेसिस आणि इंजिन क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी गाडीवर ताडून पाहा. रॅलीच्या गाड्यांत इंजिन बदललेलं असण्याची शक्यता नेहमीच्या गाडीपेक्षा जास्त, आणि ते नोंदलेलं नसेल तर पुढची जबाबदारी तुमची. कर्जाचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५, हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३०, गाडी नाशिकच्या एमएच १५ सोडून दुसऱ्या कार्यालयाची असेल तर ना हरकत प्रमाणपत्र. ऑनलाइन थकलेल्या चलनांची यादी काढा.

बांधून तयार रॅली गाडी घेत असाल तर केजचं प्रमाणपत्र, सीट आणि पट्ट्यांवरच्या लेबलांचे फोटो आणि गाडीचं लॉगबुक मागा. सीट आणि पट्ट्यांची मुदत संपते. मुदत संपलेल्या पट्ट्यांसाठी एक रुपयाही मोजू नका.

पायरी ७ : पैसे या क्रमाने खर्च करा

हातातल्या एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त गाडीच्या खरेदीत घालू नका. उरलेले पैसे आधी जीव वाचवण्यावर, मग गाडी टिकवण्यावर, आणि उरलेच तर वेगावर.

केज सर्वांत आधी. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मुख्य कमानीचा पाइप ४५ मिलिमीटर व्यासाचा २.५ जाडीचा, किंवा ५० व्यासाचा २ जाडीचा हवा. बाकीच्या दांड्या ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. पाइप कोल्ड ड्रॉन सीमलेस कार्बन स्टीलचा. फर्निचर आणि शेडसाठी वापरतात तो शिवण असलेला ईआरडब्ल्यू पाइप दिसायला तसाच असतो, पण धडकेत शिवणीवर फाटतो. प्रत्येक पायाखाली बॉडीला वेल्ड केलेली किमान ३ मिलिमीटर जाडीची पट्टी, मुख्य पायांसाठी तिचं क्षेत्रफळ किमान १२० चौरस सेंटिमीटर, आणि पायागणिक ८.८ दर्जाचे किमान तीन एम ८ बोल्ट. अंबड-सातपूरमध्ये हे काम उत्तम करणारे वेल्डर आहेत. पण त्यांना हातात आराखडा द्या, पाइपचं टेस्ट सर्टिफिकेट जपून ठेवा आणि वेल्डिंगआधीच स्क्रुटिनियरला आराखडा दाखवा. झालेलं केज कापून पुन्हा करण्यासारखा पैशाचा नाश नाही.

एक गोष्ट घरच्यांना आधी सांगा: केज बसलं की ती गाडी घरची उरत नाही. हेल्मेट नसलेलं डोकं पाइपवर आदळलं तर साध्या टकरीतही जीव जाऊ शकतो. त्या गाडीतून मुलांना शाळेत सोडायचं नाही.

त्यानंतर एफआयए मान्यतेची सीट, सहा बिंदूंचे पट्टे, हेल्मेट, मान सांभाळणारं हान्स उपकरण आणि आगरोधक सूट. रस्त्यावरचं आयएसआय हेल्मेट इथे चालत नाही. अग्निशामक, पट्टा कापायचा कटर, त्रिकोण, आणि एका बाजूला ओके, दुसऱ्या बाजूला लाल एसओएस असलेला फलक. अपघातानंतर मागून येणाऱ्याला हा फलक दाखवला जातो. तो कुठे ठेवलाय हे चालक आणि को-ड्रायव्हर दोघांना अंधारातही सापडायला हवं.

गाडी टिकवायची तर शॉक ॲब्सॉर्बर आणि खालचा सम्प गार्ड. नाशिकभोवतीच्या रस्त्यांवर मुरूम सरकला की खालून खडक वर येतो, आणि पावसात काळी माती चाकांत चिकटून टायरची नक्षीच बुजवते. इथे गाडी खाली बसवणं म्हणजे सम्प फोडून घेणं. उंची ठेवा, सस्पेन्शनला हालायला जागा ठेवा. रिम लहान आणि टायरची भिंत उंच असावी. कच्च्या रस्त्याचे टायर आपल्याकडेच बनतात. चेन्नईच्या एमआरएफच्या टायरवर २०२२ मध्ये एफ्रेन यारेनाने युरोपियन रॅली अजिंक्यपद जिंकलं. बाहेरून काही मागवायची गरज नाही.

इंजिनाला पहिल्या वर्षी हात लावू नका. तेल, कूलंट, पट्टे, होज आणि माउंटिंग नवीन टाका, तेवढं पुरे.

पायरी ८ : परवाना आणि विमा

रॅलीत चालक आणि को-ड्रायव्हर दोघांनाही एफएमएससीआयचा स्पर्धा परवाना लागतो, वैद्यकीय दाखल्यासह. अर्ज आधीच करा, आदल्या आठवड्यात नको.

विमा पॉलिसी उघडून ‘वापराच्या मर्यादा’ हा भाग वाचा. संघटित शर्यत, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल हे वापर खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीतून वगळलेले असतात. टीएसडी रॅलीसाठी घरची गाडी नेतानासुद्धा कंपनीला लेखी कळवा आणि जादा हप्ता भरून तेवढ्यापुरतं संरक्षण मिळतं का विचारा. स्टेजवर ठोकलेल्या गाडीचा खर्च स्वतःचा, असं धरूनच बजेट करा.

पायरी ९ : गाडीआधी माणूस

को-ड्रायव्हर गाडीच्या खरेदीआधी ठरलेला असावा, कारण दोन्ही सीट, दोन्ही सूट आणि सगळं वेळापत्रक त्याच्यावर अवलंबून आहे. पेसनोट म्हणजे स्टेजच्या वळणांच्या नोंदी लिहिणं, वाचणं, टाइम कार्ड सांभाळणं ही त्याची कामं. आंतरराष्ट्रीय नियमांत चौकीवर उशिराच्या प्रत्येक मिनिटाला दहा सेकंद दंड आणि लवकर गेल्यास प्रत्येक मिनिटाला पूर्ण मिनिट. दिवसभर जीव तोडून कमावलेले सेकंद तो एका चुकीच्या कार्डावर घालवू शकतो, किंवा एका शांत आकडेमोडीने वाचवू शकतो. जोडीने आधी वर्षभर टीएसडी करा.

पायरी १० : पैसे देण्याआधी मार्शल व्हा

ही पायरी पाचवीच्या आधी पूर्ण झालेली असली तर उत्तम. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅलीच्या बंद स्टेजवर एक मोटारसायकल शिरली आणि एकाच कुटुंबातले तिघे जण रॅलीच्या गाडीखाली गेले. रस्ता बंद ठेवणारा माणूस किती महत्त्वाचा आहे, हे त्यानंतर वेगळं सांगायला नको. आपल्याकडे स्टेज गावाजवळून, शेताच्या बांधावरून जाते. गुरं येतात, शाळेतून परतणारी मुलं येतात, आपलीच वाट म्हणून शेतकरी दुचाकी घेऊन निघतो. त्याला थांबवायला, समजवायला त्याच्या बोलीत बोलणारा माणूस लागतो.

एक पूर्ण दिवस वळणावर उभं राहिलात की कुठल्या गाड्या सकाळी वेगवान होत्या आणि संध्याकाळी ट्रेलरवर होत्या, हे डोळ्यांनी दिसतं. कोणाचं सस्पेन्शन टिकलं, कोणाचा सम्प फुटला, कोणत्या गटातल्या माणसांनी एकमेकांना भाग दिले, तेही कळतं. गाडी निवडायला याहून चांगली माहिती पैसे देऊन मिळत नाही. पुढच्या फेरीची तारीख जाहीर झाली की आयोजकांना फोन करा, आणि स्पर्धक म्हणून जाण्याआधी मार्शल म्हणून नाव द्या.